वाघाने स्वतः काढलेला फोटो

तत्त्वज्ञानाच्या माणसाने कॅमेऱ्यावर बोलावं, हे काहींना गमतीचं वाटेल. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात रात्री निघालेल्या एखाद्या फोटोवर कधी कधी एका वाघाचं स्वातंत्र्य आणि काही माणसांचा जीव अवलंबून असतो. आज त्या फोटोचा इतिहास पाहू.

स्वतःचा फोटो काढताना अडचण एकच असते. कॅमेऱ्याच्या मागे आणि पुढे एकाच वेळी उभं राहता येत नाही. फिलाडेल्फियात १८३९ साली रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी स्वतःची छबी टिपली, तेव्हापासून माणूस यावर उपाय शोधतो आहे. आम्हीही ट्रायपॉड रोवून, दहा सेकंदांचा टायमर लावून धावत जागेवर गेलो आहोत, आणि निम्म्या फोटोंत आमची पाठच आली आहे.

रात्रीच्या जनावराची अडचण उलटी. माणूस तिथे असला, की ते येत नाही. मग बटण त्यानेच दाबावं, हा उपाय निघाला. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी वाटेवर तार बांधली. हरणाचा पाय लागला, की फ्लॅश उडायचा. त्यांची ७४ छायाचित्रं १९०६ साली नॅशनल जिओग्राफिकमध्ये छापून आली. आपल्याकडे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हीच युक्ती वाघावर वापरली. त्यांचं पुस्तक १९२७ चं. वाघाला मारल्याशिवाय त्याचं दर्शन लोकांपुढे ठेवता येतं, हे त्या काळात मोठंच पाऊल होतं.

आता तार गेली. झाडाला किंवा खुंटाला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, दोन कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधतात. दोन कशाला? वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. आतला सेन्सर शरीराची उष्णता आणि हालचाल हेरतो. अवरक्त प्रकाश जनावराला फारसा बिचकवत नाही, पण त्यातला फोटो काळापांढरा आणि पुष्कळदा पुसट येतो. पांढऱ्या फ्लॅशमध्ये पट्टे स्पष्ट दिसतात. आणि सगळ्यात साधी, पण महत्त्वाची सेटिंग म्हणजे तारीख आणि वेळ. घड्याळ चुकलं, तर साक्षच चुकली.

साक्ष हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. पूर्वी वाघ मोजायचे ते ठशांवरून. वनरक्षक काचेवर पंजा उतरवून घ्यायचे. न्यायदर्शनाच्या भाषेत हे अनुमान झालं: धूर दिसला म्हणून अग्नी, ठसा दिसला म्हणून वाघ. अनुमान चुकलं तर काय होतं, ते राजस्थानात सरिस्काला दिसलं. २००५ साली कळलं, की कागदावर वाघ आहेत आणि जंगलात एकही नाही. नागरहोळेत उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात पट्ट्यांवरून वाघ ओळखून संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत रुजवली होतीच. २००६ च्या राष्ट्रीय गणनेपासून देशानेही कॅमेऱ्याचा आधार घेतला. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. 'वाघ' ही जाती मागे पडून 'हा वाघ' ही व्यक्ती पुढे आली.

माणूस मात्र यातून सुटला नाही. गणनेत खुणांची पाहणी पायीच करावी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात असं काम करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आकडे वाचताना हे विसरू नये.

आता गडचिरोलीकडे या. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात 'सीटी-१' नावाचा वाघ बेशुद्ध करून पकडला. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत त्याने तेरा माणसं मारली, असं वन विभागाने सांगितलं. अशा वेळी गावकरी म्हणतात, वाघ पकडा. बरोबरच आहे. सरपणाला, मोहफुलांना जंगलात जावंच लागतं, हौस म्हणून कोणी जात नाही. पण कोणता वाघ? भलताच पकडला, तर निरपराध जनावर पिंजऱ्यात आणि मारणारा मोकळाच. फसवणूक गावाचीही होते.

इथे फोटो प्रत्यक्ष प्रमाण वाटतो. पण जरा थांबा. तो इतकंच सांगतो, की हा वाघ या वेळी या वाटेने गेला. 'त्यानेच मारलं' हे पुन्हा अनुमानच. म्हणून पुन्हा पुन्हा आलेले फोटो, ठसे, घटनास्थळीचे केस, लाळ यांची डीएनए तपासणी, हे सगळं जुळावं लागतं. कॅमेऱ्याने अनुमान संपवलं नाही, फक्त त्याला भक्कम पाया दिला.

आणखी एक. त्या वाटेवरून फक्त वाघ जात नाही. पहाटे टोपली घेऊन निघालेली बाईही सेन्सरला तशीच उष्ण लागते, तिचाही फोटो निघतो. कॉर्बेटच्या परिसरातल्या स्त्रियांना अशा कॅमेऱ्यांचा कसा जाच होतो, यावर २०२४ साली संशोधन प्रसिद्ध झालं आहे. वाघाला संमती विचारता येत नाही. तिला येते. कॅमेरा कुठे बांधला आहे आणि तिचा फोटो कोण पाहणार, हे गावाला आधी सांगणं मुळीच अवघड नाही.

वाघाला ओळख देणाऱ्या यंत्राने त्या बाईची ओळख विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढंच आमचं म्हणणं. आता तुमचे प्रश्न घेऊ.