मूल्यमापन एकाकडे, मनातले दुसऱ्याकडे

शिकाऊ समुपदेशकाच्या कामावर अनुभवी व्यक्तीने नियमित देखरेख ठेवण्याची पद्धत मानसोपचारात 1920 नंतर बर्लिनमध्ये रुजली. माक्स आयटिंगोन यांच्या पुढाकाराने तिथे सुरू झालेल्या मनोविश्लेषणाच्या दवाखान्यात शिकाऊ विश्लेषकाने रुग्ण पाहायचे आणि ज्येष्ठाशी त्यांच्याविषयी बोलायचे, असा शिरस्ता पडला. पुढच्या दशकात त्यावरून वाद झाला. शिकणाऱ्याचे स्वतःचे विश्लेषण जो करतो त्यानेच त्याचे पहिले काम तपासावे, असे बुडापेस्टच्या मंडळींचे मत होते. ही दोन कामे दोघांकडे असावीत, असे व्हिएन्नाचे. पर्यवेक्षणाचा पुढचा बराचसा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

कॅथलिक चर्चला हा पेच त्याआधी कित्येक शतके ठाऊक होता. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने पापनिवेदनातले गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून मठात आजन्म प्रायश्चित्त घ्यायला लावण्याची शिक्षा ठरवली. मठांमधला प्रश्न मात्र वेगळा होता. वरिष्ठ सिस्टर किंवा ब्रदर हाताखालच्या व्यक्तीला मनातले सगळे सांगायला भाग पाडत आणि त्याच माहितीवर तिची नेमणूक वा बढती ठरे. 1890 साली पोप लिओ तेरावे यांच्या काळात निघालेल्या हुकुमाने या सक्तीला बंदी केली. 1983 च्या चर्च-कायद्यात हे तत्त्व आणखी स्पष्ट झाले: दीक्षा द्यावी की नाही हे ठरवताना उमेदवाराच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्याचे मत विचारायचेच नाही, आणि सेमिनरीच्या रेक्टरने तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्याचे पापनिवेदन त्याने आपणहून विनंती केल्याखेरीज ऐकायचे नाही. येशूसंघ इथे अपवाद ठरतो. वरिष्ठाजवळ अंतःकरण उघडे करण्याची प्रथा त्या संघाने टिकवली, आणि महाराष्ट्रातल्या कॅथलिक समुपदेशन-प्रशिक्षणातले सर्वांत गाजलेले नाव याच संघातून आले.

त्याआधी समाजकार्याच्या शिक्षणाने पाया घातला होता. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. 1955 मध्ये ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या व्रतस्थ स्त्रियांच्या संघाने मुंबईत निर्मला निकेतन सुरू केले. क्षेत्रकार्यातल्या प्रत्येक भेटीनंतर विद्यार्थी काय बोलणे झाले ते आठवून लिहून काढतो. या ‘रेकॉर्डिंग’वर पर्यवेक्षक समासात शेरे मारतो, आणि मग दोघांची बैठक होते, विद्यार्थ्यांच्या बोलीत ती ‘आयसी’. वर्षाच्या शेवटी क्षेत्रकार्याला गुण मिळतात. ज्याच्यासमोर रडू आवरले नाही तोच गुणपत्रिका भरणार, ही अडचण या रचनेत पहिल्यापासूनच आहे.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला येशूसंघाचे फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्याच्या दे नोबिली कॉलेजात समुपदेशनाची संस्था उभी केली. मुंबईत 1931 साली जन्मलेल्या डिमेलोंनी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात मानसशास्त्राचे शिक्षण घेतले होते. ही संस्था पुढे ‘साधना’ नावाने ओळखली गेली आणि लोणावळ्याला गेली. देशभरातले फादर-सिस्टर तिथे महिनोन्‌महिने राहत, गटासमोर स्वतःचा प्रश्न मांडत आणि तिथूनच दुसऱ्याचे ऐकायला शिकत. त्या काळच्या अमेरिकी गटचळवळीची छाप त्यावर उघड दिसते: माणसाला आडवळणे न घेता सत्यासमोर उभे करायचे. अनेकांना त्यातून मोकळेपणा मिळाला. पण बालपणीचा अत्याचार मनात दडवून बसलेल्या माणसाला भर गटात बोलते करणे किती जोखमीचे असू शकते, याची भाषा तेव्हा फारशी कोणाजवळ नव्हती. डिमेलो 1987 साली वारले. 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाविषयी इशारा दिला. त्याचा रोख देव आणि ख्रिस्त यांविषयीच्या विधानांवर होता. समुपदेशनाच्या पद्धतीविषयी तो नव्हता.

ती भाषा बाहेरून आली. 1980 मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात आघातोत्तर ताणाच्या विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. 1990 साली मॅककॅन आणि पर्लमन यांनी आघाताच्या कहाण्या ऐकून उपचारकाचीच जगाकडे पाहण्याची नजर कशी बदलते, ते मांडले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपाने हा विषय मराठवाडा-सोलापूरच्या दाराशी आणला. भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याला ती कळवणे बंधनकारक केले. कॅथलिक पर्यवेक्षकासाठी हा कायदा कळीचा ठरतो. पापनिवेदनाची गुप्तता संस्काराशी बांधलेली आहे; पर्यवेक्षणाची बैठक हा संस्कार नव्हे, मग समोर बसलेला पर्यवेक्षक धर्मगुरू का असेना. दोन्ही एकाच खोलीत, एकाच माणसाकडे आले की शिकाऊ व्यक्तीला आपण नेमके कशाखाली बोलतो आहोत हेच कळत नाही.

हे सगळे प्रश्न एकत्र येतात ते सोलापुरासारख्या ठिकाणी. हा जिल्हा पुणे धर्मप्रांतात मोडतो. शहरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीचे यंत्रमाग चालतात. कारखान्याच्या आवारातच मालकाचे बिऱ्हाड आणि कामगारांच्या खोल्या असणे इथे नवलाचे नाही. 18 मे 2025 च्या पहाटे इथल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जणांचा मृत्यू झाला. त्यात मालकाच्या कुटुंबातले लोक होते, तसेच कामगारही. अशा ठिकाणी क्षेत्रकार्याला गेलेल्या विद्यार्थ्याला धूर, जिना आणि बंद दार यांच्या हकिगती पुन्हा पुन्हा ऐकाव्या लागतात. ‘आठवेल ते सगळे लिहून आण’ हा रेकॉर्डिंगचा जुना नियम इथे उलटू शकतो, कारण लिहिताना विद्यार्थी तीच आग दुसऱ्यांदा पाहतो. आघाताचे भान ठेवणारा पर्यवेक्षक आधी झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारतो. तपशील कामापुरताच मागतो. शेजारच्याच पेठेत त्या विद्यार्थ्याचे कोणी यंत्रमागावर कामाला आहे का, हेही तो विचारून ठेवतो.

मुंबई-पुण्यात मूल्यमापनाला एक आणि मन मोकळे करायला दुसरा, अशी सोय करता येते. लहान शहरात पर्यवेक्षक, प्राध्यापक आणि कधीकधी पॅरिशचे फादर ही एकच व्यक्ती असते. तिथे निदान पहिल्या बैठकीत तीन गोष्टी कागदावर आणणे शक्य असते: गुणांसाठी काय मोजले जाईल, काय बाहेर जाणार नाही, आणि पॉक्सोखाली काय कळवावेच लागेल.