स्फोटक मालाची वाहतूक व धोकाशुल्क (यवतमाळ जिल्हा)

बंदुकीची दारू, काडतुसांच्या टोप्या, सुरुंगाची स्फोटके, डिटोनेटर असा माल नेताना नेहमीच्या भाड्यावर चढणारा जादा खर्च. अमेरिकेत घरी काडतुसे भरणारे हौशी नेमबाज दारू आणि टोप्या कुरिअरने मागवतात, तेव्हा दर खेपेला वेगळे धोकाशुल्क भरतात. पितळी पुंगळ्या व शिशाच्या गोळ्यांवर ते पडत नाही. यवतमाळच्या गिऱ्हाइकाला असा आकार बिलात दिसणार नाही, कारण हा माल पार्सलने येतच नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या व्याख्येप्रमाणे दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोडतात, आणि कलम 5 नुसार तो बनवायला परवाना लागतो. टपालाने स्फोटके पाठवायला 1898 च्या टपाल कायद्यानेच मनाई केली. रेल्वेत परवानगीवाचून धोकादायक माल नेल्यास रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; दंडाची कमाल मर्यादा मात्र अवघी 1,000 रुपये. नुकसानभरपाई वेगळी.

दर बाराला स्वतः दारू भरणारा माणूस जिल्ह्यात कोणी असेल, तर तो ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखण्यासाठी या बंदुकीच्या परवान्याची तरतूद शस्त्र अधिनियमाच्याच कलम 13 मध्ये आहे. प्राणी मारायचा असेल तर वनखात्याची परवानगी निराळी. नळीत दारू ओतायची, छर्रे घालून गजाने ठासायचे आणि वर टोपी बसवायची. बंदूक जुनाट म्हणून तिची दारू कमी धोक्याची, असा समज सहज होतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्याच्या उलट आहे. काळी दारू (यूएन 0027) 1.1डी गटात, म्हणजे सगळा साठा एकदम उडू शकेल अशा मालात बसते. आधुनिक धूरविरहित दारू (यूएन 0161) 1.3सी मध्ये, तर तयार काडतुसे (यूएन 0012) 1.4एस या सर्वांत सौम्य गटात येतात. म्हणूनच विमान कंपनीच्या मंजुरीने प्रवासी पाच किलोपर्यंत काडतुसे सामानात देऊ शकतो, सुटी दारू चिमूटभरही नाही.

वजनाने पाहिले तर जिल्ह्यातील खरी वाहतूक बंदुकीसाठी नसून सुरुंगासाठी आहे. काळ्या पाषाणात विहीर खोदताना सुरुंग लावावेच लागतात. त्याहून मोठा खप वणी तालुक्यातील उकणी, कोलारपिंपरी, घोन्सा या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींचा आणि मुकुटबन भागातील चुनखडीच्या खाणींचा. ही ने-आण स्फोटके अधिनियम, 1884 व स्फोटके नियम, 2008 यांखाली होते; परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

शुल्क दिसत नाही म्हणून खर्च टळत नाही. परवानाप्राप्त बंदिस्त व्हॅन लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 9 प्रमाणे चालकाला धोकादायक मालाचे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. गाडीवर धोक्याची माहिती देणारे फलक लागतात. डिटोनेटर आणि मुख्य स्फोटके एकमेकांपासून अलग ठेवावी लागतात. परतीच्या फेरीत या व्हॅनमध्ये कापूस किंवा तूर भरून भाडे वसूल करता येत नाही. हे सगळे मालाच्या दरात मुरते. पेटीभर स्फोटके घेणाऱ्या विहीरवाल्याला ते दर नगामागे जड जाते, खाणीला नाही. छोट्या गिऱ्हाइकाला हा हिशेब कुठे मांडून दाखवला जात नाही, हा या पद्धतीचा दोषच म्हणायचा.

मोठ्या उघड्या खाणींनी या खर्चावर तोडही काढली आहे. तिथे इमल्शनचे मिश्रण टँकरने नेतात आणि भोकात सोडतानाच रसायन मिसळून ते स्फोटक बनवतात. रस्त्यावर असताना ते वर्ग 1 मध्ये, म्हणजे स्फोटकांत, मोडतच नाही. यूएन 3375 या क्रमांकाने त्याची नोंद 5.1, म्हणजे ज्वलनाला मदत करणाऱ्या पदार्थांत होते. बूस्टर आणि डिटोनेटर मात्र आजही स्फोटकांच्या व्हॅननेच न्यावे लागतात.