अष्टागरातील मिशन-शाळा आणि बेने इस्रायल कुटुंबे

मिशनऱ्यांचा इतिहास सांगताना दोनच पात्रे रंगभूमीवर आणण्याची आपल्याकडे वहिवाट पडली आहे. एक उपदेश करणारा पाद्री आणि दुसरा, त्याला वश होणारा किंवा त्याच्याशी वाद घालणारा पंडित. परंतु कोणतीही चळवळ केवळ वादावर जगत नाही. पाद्र्याला पोसणारी घरे कोठे तरी असतात आणि त्याच्या शाळेत मूल धाडणारी घरेही कोठे तरी असतात. या दोन प्रकारच्या घरांचा विचार केल्यावाचून मिशनकार्याचा उलगडा होत नाही, असे आम्हांस वाटते. आणि त्याकरिता कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडाचा, समुद्रकिनारा हे उत्तम उदाहरण आहे.

प्रथम देणाऱ्या घरांकडे पाहू. इ. स. १८०२ मध्ये बोस्टन येथे स्त्रियांची एक मंडळी निघाली. दर आठवड्यास एक सेंट बाजूला ठेवून धर्मकार्यास द्यावयाचा, एवढाच तिचा नियम. पुढे १८१० मध्ये परदेशी मिशनांचे अमेरिकन बोर्ड स्थापन झाले, तेव्हा त्याच्या झोळीत अशीच चिल्लर पडू लागली. बोर्डाच्या मासिकात मुंबईहून आलेली पत्रे छापली जात आणि त्याच मासिकात देणग्यांच्या याद्या असत. त्यांत धनिकांच्या नावांशेजारी शिवणकाम करून पैसे जमविणाऱ्या स्त्रियांच्या व रविवारच्या शाळांतील मुलांच्या रकमाही आढळतात. १८५६ मध्ये ‘मॉर्निंग स्टार’ हे मिशनचे जहाज पॅसिफिकमधील बेटांकडे निघाले, ते मुलांनी दहा दहा सेंटांचे भाग घेऊन उभारलेल्या पैशांतून बांधलेले होते. मुलांना दानाची सवय लावावी आणि दानाबरोबर दूरदेशीच्या मुलांविषयी आस्था उत्पन्न करावी, हा यातील हेतू. त्या आस्थेत, हे लोक अज्ञानात बुडालेले आहेत, ही भावनाही मिसळलेली होती, हे विसरून चालणार नाही.

ज्यांच्याकरिता हा पैसा जमत होता, त्यांच्या स्वतःच्या संसारांची काय गत झाली? हॅरिएट न्यूएल ही तरुणी पतीसह हिंदुस्थानास निघाली, परंतु कंपनी सरकारने थारा दिला नाही. १८१२ मध्ये मॉरिशस बेटावर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती वारली. तिचे चरित्र अमेरिकेत घरोघर वाचले गेले. गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरला. १८२५ मध्ये त्याची पत्नी दोन मुलांना घेऊन स्वदेशी निघाली. त्यांतले एक समुद्रातच गेले. पुढल्याच वर्षी, मार्च महिन्यात, नाशिककडील प्रवासात हॉलही पटकीने मरण पावला. त्यांच्या मताशी आपला कितीही विरोध असो, हा त्याग खोटा म्हणता येणार नाही.

आता घेणाऱ्या घरांकडे वळू. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, किहीम, थळ इत्यादी गावांनी मिळून बनलेल्या अष्टागरात बेने इस्रायल लोक शतकानुशतके राहत आले. नौगावजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तेलाचे घाणे चालवावेत आणि शनिवारी ते बंद ठेवावेत, यावरून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, राजपुरकर, दिवेकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शमा’ची प्रार्थना त्यांनी जतन केली होती, परंतु हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते. धर्म घरात होता, पुस्तक नव्हते.

अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईच्या शाळांनंतर या किनाऱ्यावर शाळा काढल्या. त्या वेळी अलिबाग आंग्र्यांच्या संस्थानात होते. ते १८४० मध्ये इंग्रजांकडे गेले. मिशनला शिक्षक हवे होते. बायबलाची मराठी पुस्तके हाती घेण्यास ब्राह्मण पंतोजी पगारासाठी तयार होत, पण मन मात्र आखडलेले असे. बेने इस्रायलांस मोशेच्या कथा परक्या नव्हत्या आणि मूर्तिपूजा त्यांस मान्य नव्हती. साहजिकच पुष्कळ शाळांतून तेच शिक्षक झाले आणि त्यांच्या मुलांबरोबर मुलीही शाळेत बसू लागल्या. घाण्याच्या घरात महिन्याचा पगार आला आणि अक्षरही आले.

तथापि मिशनची जी मुख्य आशा, ती येथे फळली नाही. बाप्तिस्मा घेणारे बेने इस्रायल अगदी थोडे निघाले. त्यांनी जुना करार घेतला व नवा बाजूस ठेवला. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्याचा उपयोग या लोकांनी स्वतःच्या उपासनेकडे परतण्यासाठी केला. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापून निघाली. जोसेफ एझिकेल राजपुरकर हे हिब्रूचे नामांकित विद्वान झाले व त्यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची स्वतंत्र शाळा काढण्यात पुढाकार घेतला. त्यांनी लिहिलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला.

यावरून मिशन-शाळांविषयीची भीती निराधार होती, असे कोणी समजू नये. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी धर्मांतर केल्यानंतर त्यांचा अल्पवयी भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा बापास न्यायालयात जावे लागले. मूल परत मिळाले. परंतु ते जातीत घ्यावे की नाही, यावर मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास घ्यावे असा पक्ष घेतला व रोष पत्करला. मूल शाळेत घालणारा बाप त्या काळी केवढी जोखीम पत्करीत होता, हे या एका प्रकरणावरून ध्यानात येते. बेने इस्रायल कुटुंबांनी ती जोखीम पत्करली, याचे कारण आमच्या मते हेच की त्यांची धर्मनिष्ठा पुस्तकावर नव्हे, तर घरातील नित्य आचारावर उभी होती. ज्या घरात शुक्रवारी सायंकाळी दिवा लागत होता, त्या घरातील मूल दिवसभर परक्याची शाळा शिकूनही परके झाले नाही.

दान देणारा आपल्या दानाचे फळ ठरवू पाहतो. ते ठरविणे त्याच्या हाती नसते. मुंबईस १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार बाईंनी पुढे अहमदनगरास मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यास मुलींची शाळा काढली. बोस्टनच्या त्या स्त्रियांनी आठवड्याचा सेंट टाकताना ना फुल्यांची कल्पना केली होती, ना हगादेची. त्यांना ख्रिस्ती घरे हवी होती. अष्टागरात त्यांच्या पैशाने यहुदी घरे अधिक यहुदी झाली. मिशनच्या जमाखर्चात हे अपयश म्हणून पडले असेल. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र ते विद्येच्या खाती जमा करावे लागेल, आणि त्या खात्यावर देणाऱ्या मुलांबरोबर, घेऊनही आपले न सोडणाऱ्या घरांचे नाव लिहावे लागेल.