तळटीप १४ : ‘पांढरा डिंक’

या प्रकरणातले सुतार सरस सोडून ज्या डिंकाकडे वळतात, तो म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या बहुवारिकाचे पाण्यात तरंगते कण. मुंबईत १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आले आणि जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला, दर वेळी गरम करावा लागणारा सरस हळूहळू मागे पडला. डब्यातल्या मालात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. बहुवारिक त्यात विरघळलेले नसते. त्याचे मायक्रॉनच्या आगेमागे असलेले कण प्रकाश विखुरतात, म्हणून डिंक पांढरा दिसतो. लाकडाने पाणी शोषले की कण एकमेकांना भिडतात, दबतात आणि एकजीव होऊन त्यांचा पारदर्शक पापुद्रा बनतो. सांधा रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवावा, हा लेखकाचा आग्रह यासाठीच. कडाक्याच्या थंडीत कण पुरेसे मऊ पडत नाहीत. सांधा पांढुरका आणि ठिसूळ राहतो. शिवाय कणांना पाण्यात सांभाळणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल स्वतःच पाणी ओढते, तेव्हा साधा पांढरा डिंक न्हाणीघराच्या दाराला लावू नये, दुकानदार काहीही म्हणो. भिंतीच्या इमल्शन रंगातही हेच घडते: तिथे बहुधा ॲक्रिलिकचे कण रंगद्रव्य आणि खडूची पूड धरून ठेवतात. स्वस्त रंगात हा बंधक कमी आणि पूड जास्त, म्हणून भिंतीला टेकले की पाठीला भुकटी लागते. गालिच्याच्या पाठीला तंतू पक्के करण्यासाठी स्टायरीन-ब्युटाडाइनचे असेच मिश्रण वापरतात. – सं.