निरूपणाच्या वेळी पखवाज थांबतो

नरहर कुरुंदकरांची व्याख्याने ज्यांनी समोर बसून ऐकली, ती पिढी आता थकली आहे. १९८२ साली कुरुंदकर गेले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजातील या प्राचार्यांचा आवाज नंतर जन्मलेल्यांना भेटतो तो केवळ जुन्या ध्वनिमुद्रणांतून. ही मुद्रणे चारजणांनी मिळून ऐकावीत आणि त्यांवर बोलावे, यासाठी हातात मावेल असा एखादा स्पीकर शोधायला आम्ही निघालो. दुकानातली प्रत्येक पेटी खर्जाची मिरास सांगत होती आणि नमुना म्हणून प्रत्येक ठिकाणी गाणेच वाजवले जात होते. आम्ही भाषण लावायला सांगितले, तेव्हा प्रत्येक वाक्याखाली एक जाड घुमारा उमटू लागला. आमच्यापैकी ज्यांना खर्ज सोसत नाही, त्यांना पाचव्या मिनिटाला तिथून उठावे लागले.

प्रश्न वरकरणी खरेदीचा आहे. परंतु बोललेला शब्द आणि त्याखालचा घुमारा यांच्या नात्याला नांदेड-लातूरच्या भूमीत बराच जुना इतिहास आहे, आणि तो ध्यानी घेतल्यावाचून ही साधी निवडही नीट करता येत नाही, असे आम्हांस वाटू लागले.

या इतिहासाचा आरंभ कीर्तनापासून करावा लागेल. दासगणू महाराजांचे (१८६८–१९६२) गोरटे हे गाव नांदेड जिल्ह्यातलेच. कीर्तन नारदीय असो वा वारकरी, त्यात वाद्यांना मोठा मान असतो. परंतु त्या मानाला एक मर्यादाही असते. अभंगाच्या वेळी पखवाज घुमतो, टाळ त्याला साथ करतात. कीर्तनकार निरूपणाला लागला की पखवाजावरचा हात थांबतो. खर्ज आणि शब्द यांना एकाच सभेत स्थान आहे, मात्र दोघांनी एकाच वेळी बोलू नये, हा संकेत ध्वनिवर्धक येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे रूढ होता. त्यामागे कोणते शास्त्र आहे हे कोणी सांगितले नव्हते. ते कानांनी ठरवले होते.

पुढे सभा-संमेलनांत कर्णा आला आणि घरोघरी ट्रान्झिस्टर आला. १९६८ साली परभणीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर भोवतालच्या जिल्ह्यांना आपल्या बोलीजवळचे शब्द रेडिओवर ऐकू येऊ लागले. या दोन्ही साधनांची एक उणीव होती. सभेचा कर्णा साधारणपणे ३०० हर्ट्झच्या खालचे स्वर फारसे उचलत नसे. ट्रान्झिस्टरमधला तळहाताएवढा पडदाही तिथेच थकत असे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो. तो गळाला तरी ऐकणाऱ्याचे काही अडत नसे, कारण वरच्या स्वरांवरून कान मूळ स्वर आपणच जुळवून घेतो. दूरध्वनीवर वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटतो, तो यामुळे.

शब्दाचा अर्थ ज्यावर तोललेला असतो, ती व्यंजने मात्र बहुतांशी १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि ‘स’सारखे ऊष्मवर्ण त्याच्याही वर जातात. मराठीपुरते एक उदाहरण पुरे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिताना दोन्ही सारखेच. पहिल्यातला ‘ज’ तालव्य, दुसऱ्यातला दंततालव्य. हा भेद केवळ कानाला कळतो, आणि तो असतो वरच्या, नाजूक स्वरांत. खालचा जोरकस स्वर वरच्या स्वरांना झाकून टाकतो; वरचा स्वर खालच्याला तितका झाकू शकत नाही. कर्णा आणि ट्रान्झिस्टर यांनी आपल्या दुबळेपणामुळे खर्ज गाळला आणि नकळत निरूपणाचा संकेत पाळला. नव्या पेट्या सामर्थ्यवान आहेत. म्हणूनच त्यांना तो संकेत उरलेला नाही.

हे सामर्थ्य रस्त्यावर कसे दिसते, ते मिरवणुकांतील डीजेच्या भिंतींनी दाखवून दिले आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांतली मर्यादा. परंतु ही मोजणी ज्या पद्धतीने होते, त्यात ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा धरले जातात. छातीत धडकणारा खर्ज कागदावर बराच सौम्य होऊन उतरतो. ज्याला त्याचा त्रास होतो त्याची तक्रार म्हणून मनाची समजली जाते.

आणि आपल्या भागात खर्जाला आणखी एक स्मृती चिकटलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि परिसर हादरला. लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. २००६ नंतर नांदेड शहरात काही वर्षे सौम्य धक्के आणि त्यांसोबत जमिनीखालून येणारे आवाज यांनी लोकांना रात्र रात्र घराबाहेर काढले. २०२२ साली निलंगा तालुक्यातील हासोरी गावानेही असेच आवाज ऐकले. ज्याने जमिनीतून आलेला गडगडाट एकदा ऐकला आहे, त्याच्या लेखी खालचा स्वर ही नुसती आवडीनिवडीची बाब कशी राहील? खर्ज न सोसण्याची कारणे माणसागणिक निराळी असतात. कोणाची अर्धशिशी असते, कोणाचा कान हळवा असतो. परंतु किल्लारीच्या मुलखात तरी या नावडीला कोणी चोचले म्हणू नये.

तेव्हा निवड कशी करावी? आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. पेटी गाण्यावर पारखू नये, ओळखीच्या भाषणावर पारखावी, तीही घरात ऐकू त्याच हळू आवाजात. कारण अनेक पेट्या आवाज कमी केला की खर्ज आपणहून वाढवतात. वॅटचा आकडा शब्दांच्या स्पष्टतेविषयी काहीच सांगत नाही. दोन-तीन इंचांचा एकच पडदा असलेली साधी पेटी पुरते. बाजूंना थरथरणारे जादा पडदे खर्जासाठीच असतात. खर्ज खाली आणण्याची सोय पेटीत वा फोनमध्ये असावी. पेटी भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नये, तिथे घुमारा वाढतो. पोकळ टेबलावर किंवा कपाटावरही ठेवू नये. कानाच्या उंचीवर, हाताच्या अंतरावर असली की आवाज चढवावाच लागत नाही, आणि शेजारच्या खोलीलाही त्रास पोचत नाही.

शेवटी आम्ही घेतली ती पेटी दुकानातली सर्वांत किरकोळ होती. गाणे तिच्यावर पातळ वाटते, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्या संध्याकाळी कुरुंदकरांचे व्याख्यान लावले आणि वाक्याच्या शेवटी हळू होत गेलेला शब्दही चौघांना सारखाच ऐकू आला. खर्ज न सोसणारेही शेवटपर्यंत बसले, आणि व्याख्यान संपल्यावर सर्वांत आधी वाद घालायला तेच सरसावले.