किल्लेकोटातला राजा आणि दोन उंट

आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत देवळाच्या ओवरीत अथवा वाड्याच्या ओट्यावर जो देशी पद्धतीचा बुद्धिबळाचा डाव मांडला जाई, त्यातील राजाला किल्ला नव्हता. प्यादे एकेकच घर पुढे सरके, आणि राजाला, जोवर त्यास एकदाही शह बसलेला नसे तोवर, साऱ्या डावात एकदाच घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेण्याची मुभा असे. ही उडी तो केव्हा घेईल, कोणत्या अंगास घेईल, की न घेताच मध्यभागी ठाण मांडून बसेल, हे प्रतिपक्षास अखेरपर्यंत उमगत नसे. ज्या राजाचा मुक्काम आज येथे तर उद्या तेथे, त्याच्यावर मोर्चे बांधावयाचे तरी कोठे? म्हणूनच त्या जुन्या डावांत चकमकी पुष्कळ, छापे पुष्कळ, परंतु ज्यास शास्त्रशुद्ध वेढा म्हणावे असा प्रकार विरळा. 'राजाच्या बाजूवरील हल्ला' या नावाने आज जे प्रकरण बुद्धिबळाच्या प्रत्येक पोथीत असते, त्याचा जन्म व्हावयास राजाला आधी एक ठरलेले घर मिळावे लागले.

आपल्याकडे या खेळाची शास्त्रीय दखल घेतली गेली नाही असे नव्हे. पैठणहून काशीस जाऊन स्थिरावलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्राचा विशाल ग्रंथ रचला, आणि त्याच्या नीतिविषयक मयूखात, जेथे राजाची कर्तव्ये, सैन्य आणि दुर्ग यांचा विचार व्हावयाचा, तेथेच बुद्धिबळाच्या नियमांनाही स्थान दिले. हा खेळ करमणुकीच्या सदरात न टाकता राजनीतीच्या दप्तरात ठेवावा, ही त्या पंडिताची दृष्टी मला फार मोलाची वाटते. पुढे इ. स. १८१४ मध्ये, पेशवाई बुडण्यास अवघी चार वर्षे उरली असता, त्रिवेंगडाचार्य शास्त्री या विद्वानाच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर मुंबईत छापून निघाले. त्यातील कूटे मात्र युरोपीय पद्धतीच्या खेळास जुळवून घेतलेली होती. राज्य जाण्यापूर्वीच पटावरचा कायदा बदलू लागला होता.

तो बदललेला कायदा मूळचा भूमध्य समुद्राच्या काठचा. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या परिसरात दोन मोहऱ्यांचे दैव एकाएकी उघडले. तिरपे एकच घर चालणारा वजीर चहूदिशांस हवा तितका धावू लागला, आणि तिरपी दोन घरे उडी मारून थबकणारा तो दुसरा मोहरा, ज्यास आपण उंट म्हणतो, मोकळ्या कर्णावर पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारा करू लागला. शस्त्रांचा पल्ला असा वाढल्यावर मध्यभागी उघडा बसलेला राजा टिकणे शक्य नव्हते. तेव्हा पुढील शतका-दीड शतकात, प्रांतोप्रांती निरनिराळ्या तऱ्हेने, राजाची ती जुनी एकवेळची उडी पालटत जाऊन किल्लेकोटाची चाल सिद्ध झाली. राजाने हत्तीच्या दिशेने दोन घरे सरकावे, हत्तीने त्यास ओलांडून पलीकडे उभे राहावे, आणि पुढील तीन प्याद्यांची तटबंदी करून महाराजांनी आत सुखाने नांदावे, अशी ती व्यवस्था. बंदोबस्त उत्तम होता, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून शत्रूला राजाचा पत्ता ठाऊक झाला.

हा पत्ता सर्वांत आधी ज्याने पुरतेपणी वाचला तो इटलीच्या कालाब्रिया प्रांतातील जोआकिनो ग्रेको. सन १६२० च्या सुमारास त्याने आश्रयदात्यांसाठी डावांच्या हस्तलिखित वह्या तयार केल्या. त्यांतील एका डावात काळ्याने किल्लेकोट केल्यावर थोड्याच चालींत पांढरा आपला उंट थेट राजाच्या हत्तीसमोरील प्याद्यावर आदळतो आणि त्याचा बळी देतो. राजा उंटास मारतो, घोडा शह देत पुढे येतो, काळा उंट त्या घोड्यास मारतो, आणि त्या उंटास मारण्यासाठी कडेचे पांढरे प्यादे आत वळताच त्याच्यामागे मुकाट उभ्या असलेल्या हत्तीची फळी मोकळी होऊन शह बसतो. बाराव्या चालीस वजीर राजाच्या कोपऱ्यात जाऊन मात करतो. तटाच्या तीन चिऱ्यांपैकी सर्वांत कडेचा चिरा असा की जवळचा घोडा हटला म्हणजे ज्याला राजावाचून दुसऱ्या कोणाचा जोर नसतो, आणि राजाने स्वतः बाहेर येऊन लढावे ही तर किल्लेदारीची शेवटची अवस्था. ग्रेकोने हे मर्म ओळखले, आणि आज तीनचार शतके उंटाचा हा बळी प्रत्येक नवशिक्या खेळाडूच्या पहिल्या धड्यांत आहे.

आता मी ज्या डावासाठी हा प्रपंच मांडला त्याकडे वळतो. स्थळ ॲम्स्टरडॅम, वर्ष १८८९. पांढऱ्याकडून इमॅन्युएल लास्कर, वय अवघे वीस, गणिताचा विद्यार्थी, पुढे १८९४ पासून १९२१ पर्यंत सलग २७ वर्षे जगज्जेतेपद राखणारा. काळ्याकडून प्रागचा योहान बाउअर. लास्करने आरंभी राजाच्या उंटासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले आणि आपले दोन्ही उंट शेजारशेजारच्या कर्णांवर असे बसविले की तेराव्या चालीअखेर एकाची नजर काळ्या राजाच्या हत्तीसमोरील प्याद्यावर आणि दुसऱ्याची घोड्यासमोरील प्याद्यावर रोखलेली होती. बाउअरचा किल्लेकोट वरकरणी अभेद्य दिसतो. पण नीट पाहावे तर शिबंदी कोठे आहे? राजाजवळ एक घोडा आणि एक उंट. वजीर आणि दुसरा उंट वजिराच्या बाजूस एकामागे एक उभे, पांढऱ्या राजाच्या घरावर टपलेले, परंतु त्यांच्याच मध्यभागीच्या प्याद्याने त्यांची वाट अडवून धरलेली. आणि अशा घटकेस बाउअर काय करतो? वजिराच्या हत्तीसमोरचे प्यादे एक घर पुढे सरकवितो, कारण तिकडून आपल्या वजिरास उपद्रव होईल अशी त्यास चिंता वाटली. वेढा पडलेल्या गडाच्या किल्लेदाराने कोठाराच्या कुलपाची काळजी करीत बसावे, तसे हे झाले.

चौदाव्या चालीस लास्करचा घोडा पटाच्या कडेला येऊन काळ्या घोड्याच्या तोंडी उभा राहतो. काळा त्यास मारतो. येथे कोणीही वजिराने त्या घोड्याची भरपाई केली असती आणि पुढच्या चालीच्या मातेची धमकीही मिळविली असती. परंतु मग काळ्याने राजाच्या उंटासमोरचे प्यादे दोन घरे पुढे लोटून एका उंटाचा कर्ण बंद केला असता आणि गडाला श्वास मिळाला असता. लास्कर भरपाईसाठी थांबत नाही. आधी एक उंट कडेच्या प्याद्यावर घालून शह. राजाला त्यास मारणे भाग पडते. मग वजीर घोड्यास मारून शह देतो, राजा मागे जातो, आणि आता सतराव्या चालीस दुसरा उंटही घोड्यासमोरच्या प्याद्यावर जाऊन पडतो.

मी हा डाव पटावर मांडतो तेव्हा या ठिकाणी हात थांबतो. लाकडी उंट बोटांत धरून राजाच्या अगदी पुढ्यात ठेवायचा आणि मोजायचे: दोन प्याद्यांसाठी दोन उंट. एका उंटाने तटाला खिंडार पडते पण तट उभा राहतो, राजाला बाजूने निसटावयास वाट उरते. दुसरा उंट पडला की तटच उरत नाही. राजाने दुसऱ्या उंटास मारले, वजिराने शेजारच्या फळीवर येऊन शह दिला. राजा पुढे सरसावता तर वजीर एक घर पुढे येऊन प्याद्याच्या जोरावर तेथल्या तेथे मात करता. म्हणून तो कडेच्या फळीवर गेला. मग लास्करने हत्ती दोन घरे उचलून तिसऱ्या ओळीवर आणला. शह नाही, मार नाही, एक शांत चाल. आणि तिच्यातून वाट एकच, की बाउअरने आपला वजीर मध्ये घालून त्या हत्तीच्या मोबदल्यात गमवावा.

इथवरचे कौतुक सर्वांनी केले आहे. माझ्या मते डावाचे खरे रहस्य बाविसाव्या चालीत आहे. वजीर गेला तरी काळ्यापाशी दोन हत्ती आणि दोन उंट शाबूत, आणि त्यांच्यासमोर पांढऱ्याचा एक वजीर व एक हत्ती. हिशेब जवळजवळ बरोबरीचा. तेव्हा लास्करचा वजीर पटाच्या पलीकडच्या अंगास, जेथे या साऱ्या धुमाळीत कोणाचे लक्षही नव्हते, तेथे जाऊन एकाच वेळी दोन्ही काळ्या उंटांवर बसतो. दोन्ही वाचविणे अशक्य. ज्या उंटास बाउअरने हल्ल्याच्या आशेने दूर ठेवले होते तोच हातचा गेला, आणि पुढे राहिली ती केवळ अंमलबजावणी. चौदाव्या चालीस उडी घेणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला बाविसावी चाल दिसली असली पाहिजे, अन्यथा तो सारा बळी व्यर्थ होता. बाउअर पुढे दोनच वर्षांत, १८९१ साली, वयाची तिशी गाठण्यापूर्वी निवर्तला.

पंचवीस वर्षांनी, १९१४ च्या वसंतात, सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत हाच हल्ला पुन्हा झाला. काळ्याकडून डॉ. टाराश, पांढऱ्याकडून निम्झोविच. दोघेही त्या काळचे श्रेष्ठ, आणि एकमेकांच्या मतांचे कडवे विरोधक. एकोणिसाव्या चालीस टाराशने एक उंट कडेच्या प्याद्यावर घातला, एकविसाव्यास दुसरा घोड्याच्या प्याद्यावर. डावास सौंदर्याचे पारितोषिक मिळाले, पण दुसरे. पहिले कापाब्लांकाला गेले. लास्करचा नमुना आधीच जगापुढे असल्याने टाराशच्या खेळीस नवेपणा नाही, असा परीक्षकांचा निवाडा होता, असे सांगतात. हा निवाडा मला मान्य नाही. बाउअरने दोन्ही उंट स्वीकारले. निम्झोविच शहाणा होता, त्याने दुसरा उंट मारलाच नाही, आणि म्हणून टाराशला पाठ केलेल्या मार्गाने जाता आले नाही. तटाच्या आत उभ्या असलेल्या त्या न मारलेल्या उंटास तसाच ठेवून टाराशने एक हत्ती शांतपणे मध्यफळीवर आणला आणि राजास किल्ल्याबाहेर हुसकून लावले. मग राजा एकेक घर पुढे हाकलला गेला. कुमक नाही, परतण्यास वाट नाही, चौथी ओळ, पाचवी, सहावी. बत्तिसाव्या चालीपर्यंत तो पट ओलांडून सातव्या ओळीत, काळ्या वजिराच्या प्याद्याच्या मूळ घरात जाऊन उभा राहिला होता, आणि तेथे त्यास मात केली ती त्याच उंटाने, ज्यास त्याने अकरा चालींपूर्वी मारण्याचे टाळले होते.