महाविद्यालय पाहण्याचा मोसम

मुलाने कोणत्या महाविद्यालयात शिकावे, याची चर्चा घरोघरी होते; ते महाविद्यालय कोणत्या दिवसांत पाहावे, याची क्वचितच. रायपूरच्या मराठी कुटुंबांना तर या प्रश्नाची निवडच दीर्घकाळ उपलब्ध नव्हती.

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ साली आणि मॉरिस महाविद्यालय १८८५ साली सुरू झाले. रायपुरात मात्र शिक्षण शाळेपाशीच थांबत असे. पुढे ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे रायपुरातून मॅट्रिक झाले. पदवीसाठी त्यांनाही परगाव गाठावे लागले. रेल्वेने नागपूरचे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर सुसह्य केले. तरी एक फेरी केवळ पाहण्यासाठी आणि दुसरी नाव घालण्यासाठी करणे सामान्य गृहस्थास परवडण्याजोगे नव्हते. वळकटी घेऊन निघालेला विद्यार्थी महाविद्यालयाचे प्रथम दर्शन घेई, त्याच दिवशी तिथला होऊन जाई.

१९३८ साली जे. योगानंदम यांच्या पुढाकाराने छत्तीसगढ महाविद्यालय स्थापन झाले आणि उच्च शिक्षण रायपूरच्या दारी आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. १९६४ साली रविशंकर विद्यापीठ उभे राहिले. आता मराठी घरांपुढे खरा पेच पडला: मुलाला गावातच हिंदीच्या वातावरणात शिकवावे, की राज्याची सीमा ओलांडून नागपूरला नातलगांकडे ठेवावे? अशा निर्णयास कागदावरील माहिती पुरत नाही; आवार डोळ्यांनी पाहावे लागते.

ते पाहण्यासही मोसम असतो. नवतप्याच्या उन्हात वर्ग ओस पडलेले असतात. प्रवेशाच्या दिवसांत रांगांपलीकडे काही दिसत नाही. स्नेहसंमेलनात आवार सजलेले असते, म्हणून फसवे असते. श्रावणातील भर पावसात वसतिगृहाचे छप्पर आपली खरी स्थिती सांगते. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून परीक्षांची चाहूल लागेपर्यंतचा हिवाळा सर्वांत उत्तम. त्या दिवसांत एखाद्या साध्या कामाच्या दिवशी गेल्यास तासाला प्राध्यापक येतात की नाही, ग्रंथालयात जागा मिळते की नाही, प्रयोगशाळेतील उपकरणे हाताळली जातात की कपाटात राहतात, हे विचारावे लागत नाही, दिसते.

आज तेलीबांध्याहून जी. ई. रोडने पश्चिमेस निघावे, तर विज्ञान महाविद्यालय, राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आणि रविशंकर विद्यापीठ लागते. दुसऱ्या दिशेस नवा रायपूर येथे विधी विद्यापीठ व भारतीय व्यवस्थापन संस्था आहे. एका दिवसात दोन आवारे सहज पाहून होतात. तरीही अनेक पालक प्रवेशाच्या दिवशीच मुलासह प्रथम फाटकात शिरतात. वळकटीच्या काळात ती अगतिकता होती. आज ती केवळ सवय आहे. बारावीच्या निकालाची वाट न पाहता आदल्या हिवाळ्यात काढलेला एक दिवस ती सवय मोडण्यास पुरेसा आहे.